मेल पोहोचला २२ जानेवारीला, यादीत दिसतो १ जानेवारी २०१० ला : क्रम नेमका कोणत्या वेळेवर लागतो?

तूर_आणि_तारीख (दारव्हा तालुका) :

नमस्कार. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहते. कार्यालय म्हणजे गोदामाला लागून असलेली एक खोली आहे. भिंतीपलीकडे धान्य चाळणीचे यंत्र चालते आणि अलीकडे आमचा चौदा-पंधरा वर्षांचा जुना संगणक. जानेवारीत आम्ही सभासदांच्या तुरीचे दरपत्रक एका खरेदीदाराला ईमेलने पाठवले. दरपत्रके २२ जानेवारीच्या सायंकाळी ५ वाजेपर्यंत अमुक ईमेल पत्त्यावर मिळाली पाहिजेत, असे त्यांच्या सूचनेत स्पष्ट लिहिले होते.

त्या दिवशी सकाळपासून आमच्या फिडरवर वीज नव्हती. ती सव्वाचारच्या सुमारास आली. मी लगेच संगणक सुरू केला, आधीच तयार असलेले पत्रक मेलला जोडले, अध्यक्षांना प्रत लावली आणि 'पाठवा'चे बटण दाबले. मेल काही वेळ आउटबॉक्समध्येच अडकून राहिला होता, परंतु पाऊणे पाचच्या आत तो निघून गेला हे मी स्वतः पाहिले.

चार दिवसांनी चौकशी केली तेव्हा तुमचे दरपत्रक आलेच नाही, असे खरेदीदाराच्या कार्यालयातून सांगण्यात आले. खूप विनंती केल्यानंतर त्यांनी शोध घेतला, तेव्हा हजारो मेलच्या यादीत अगदी तळाशी, १ जानेवारी २०१० या तारखेखाली, आमचा मेल सापडला. आता त्यांचे म्हणणे असे की, मुदत उलटून गेल्यावर आम्ही तारखेत काही फेरफार करून तो पाठवला असावा. याउलट अध्यक्षांच्या मोबाईलवर त्याच मेलची प्रत २२ जानेवारी, दुपारी ४ वाजून ४१ मिनिटे अशी अगदी योग्य जागी दिसते.

एकच मेल दोन ठिकाणी दोन तारखांना कसा दिसू शकतो, मेलचा प्रोग्राम यादी लावताना कोणती वेळ धरतो, आणि आमचा मेल वेळेत पोहोचला होता हे दाखवण्यासाठी काय करावे, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन. आणखी एक किरकोळ शंका अशी की, आमच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये २०३७ सालची तारीख असलेली एक जाहिरात कायम सर्वांत वर बसलेली असते आणि रोजचे नवे मेल तिच्याखाली येतात. तिचाही या प्रकाराशी काही संबंध आहे का?

संगणक_दुरुस्ती_मूर्तिजापूर :

ताई, दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. मेलबरोबर एकच वेळ प्रवास करते असे आपण धरून चालतो, पण तसे नसते. प्रत्येक मेलच्या अंगावर किमान दोन प्रकारच्या वेळा लिहिलेल्या असतात, आणि त्या लिहिणारी घड्याळेही वेगवेगळी असतात.

पहिली वेळ पाठवणाऱ्याची. ती मेलच्या शीर्षभागातील 'डेट' नावाच्या ओळीत असते. आपण पत्राच्या कोपऱ्यात दिनांक घालतो, तसाच तिचा प्रकार आहे, कारण ती पाठवणाऱ्याचा संगणक आपल्या घड्याळात पाहून लिहितो आणि बहुतेक वेळा वाटेत कोणी ती तपासत नाही. मेलचा नमुना ठरवणारे दस्तऐवज १९८२ पासून आहेत (आरएफसी ८२२, मग २००१ चा २८२२ आणि २००८ चा ५३२२), आणि या शेवटच्या दस्तऐवजात एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट केलेली आहे. ती अशी की, ही वेळ मेल प्रत्यक्ष मार्गाला लागल्याची नसून, लिहिणाऱ्याने तो पूर्ण झाला असे ठरवून 'पाठवा' दाबल्याची असते. इंटरनेट नसताना मेल रांगेत लावला आणि तो तासाभराने गेला, तरी 'डेट' ओळीत रांगेत लावल्याची वेळ असणे हेच नियमाला धरून आहे. तुमच्या प्रकरणात हा मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे, असे मला वाटते.

दुसरी वेळ वाटेतल्या सर्व्हरांची. मेल ज्या ज्या सर्व्हरच्या हातातून जातो, तो प्रत्येक सर्व्हर शीर्षभागाच्या सर्वांत वर 'रिसिव्ह्ड' अशी स्वतःची एक ओळ चढवतो, आणि तिच्यात मेल कोणाकडून आला व किती वाजता आला हे लिहितो. तुमच्या गोदामात पोत्यांची थप्पी लावतात तसेच हे आहे. सर्वांत खालचे पोते पहिल्यांदा आलेले आणि सर्वांत वरचे शेवटी आलेले. म्हणून 'रिसिव्ह्ड' ओळी नेहमी खालून वर वाचाव्यात. ज्याच्या पेटीत मेल पडला त्याच्या सर्व्हरची ओळ थप्पीच्या माथ्यावर असते. यांखेरीज पेटी सांभाळणारा सर्व्हर मेल दाखल झाल्याची वेळ स्वतःजवळ निराळी नोंदवून ठेवतो. आयमॅपच्या (सर्व्हरवरची पेटी प्रोग्राममधून पाहण्याच्या पद्धतीच्या) भाषेत तिला 'इंटर्नल डेट' म्हणतात, आणि ती मेलच्या मजकुरात नसते.

आता यादीच्या क्रमाविषयी. कोणता प्रोग्राम यांपैकी कोणती वेळ उचलतो, हे एकसारखे नाही. थंडरबर्डमध्ये जो 'डेट' स्तंभ सुरुवातीपासून दिसतो, तो पाठवणाऱ्याने लिहिलेली वेळ दाखवतो. 'रिसिव्ह्ड' हा स्तंभ तेथे आहे, परंतु स्तंभांच्या पट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या खुणेवर दाबून तो वेगळा निवडावा लागतो. आउटलुकचा इनबॉक्स मुळात मिळाल्याच्या वेळेवर लागतो आणि 'सेंट' हा स्तंभ हवा असल्यास जोडता येतो. जीमेलची यादी गुगलच्या सर्व्हरने मेल स्वीकारला त्या वेळेवर लागते, आणि तो क्रम पाठवल्याच्या वेळेवर फिरवण्याची सोय वेबवर नाही. त्यामुळे अध्यक्षांची पेटी जीमेलची असेल आणि खरेदीदाराच्या कार्यालयात यादी पाठवल्याच्या वेळेवर लावलेली असेल, तर एकाच मेलने दोन जागा धराव्यात यात नवल नाही. कोणताही प्रोग्राम चुकलेला नाही. दोघे दोन निरनिराळ्या नोंदी वाचत आहेत.

२०३७ ची जाहिरातही त्याच वाटेने आली आहे. पाठवणाऱ्याला 'डेट' ओळीत मनाला येईल ते लिहिता येते, आणि यादीत कायम वर राहण्यासाठी फुकट जाहिराती धाडणारे ही युक्ती वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. यादी मिळाल्याच्या वेळेवर लावून पाहा, ती निमूटपणे आपल्या जागी जाईल. ज्या मेलला 'डेट' ओळच नसते किंवा तिची तारीख वाचता येत नाही, तो कधी कधी १ जानेवारी १९७०, सकाळी ५.३० असा दिसतो. संगणक बहुधा १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजतात. तो शून्य सेकंद ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा असतो, आणि भारतात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात.

तुमच्या १ जानेवारी २०१० या तारखेवरून मात्र मला मदरबोर्डवरच्या (संगणकातील मुख्य पाटीवरच्या) सेलचा संशय येतो. वीज नसताना संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा, रुपयाच्या नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल तेथे असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ थांबते, आणि वीज आल्यावर ते बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेल्या पहिल्या तारखेपासून चालू लागते. आमच्या दुकानात दर पावसाळ्यात असे पाच-सात संगणक येतात आणि प्रत्येक मालक व्हायरस शिरल्याचे सांगतो.

पण येथे एक गाठ सुटत नाही. घड्याळ २०१० मध्ये असताना आजचा मेल सर्व्हर तुमच्याशी बोलणारच नाही, कारण जोडणी सुरक्षित करताना सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि २०१० मध्ये असलेल्या संगणकाला ते अजून लागूच झालेले नाही असे दिसते. मग जोडणी तुटते आणि मेल आउटबॉक्समध्ये पडून राहतो. तो अखेर गेला, याचा अर्थ मधल्या वेळेत कोणीतरी घड्याळ दुरुस्त केले असले पाहिजे. त्या अर्ध्या तासात नेमके काय काय केले, ते आठवून सांगाल का? शिवाय अध्यक्षांच्या प्रतीचा पूर्ण शीर्षभाग उघडून पाहा. जीमेल संगणकावर उघडून मेलच्या तीन टिंबांखालील 'शो ओरिजिनल' निवडले की तो दिसतो.

तूर_आणि_तारीख :

भाऊ, आपला संशय खरा निघाला. त्या दिवशी मेल जात नाही म्हणून राउटर बंद पडला आहे की काय हे पाहायला मी ब्राउझर उघडला, तर तुमचे घड्याळ मागे आहे अशी सूचना पडद्यावर आली. कोपऱ्यात पाहिले तर खरोखरच २०१० साल होते. मी तारीख आणि वेळ हाताने दुरुस्त केली. त्यानंतर लगेच मेल गेला, आणि इतक्या घाईत घड्याळाचा व मेलचा काही संबंध असेल हे माझ्या मनातही आले नाही. मूळ प्रश्नात मी ही गोष्ट लिहिली नाही, कारण तिला महत्त्व आहे असे मला वाटलेच नव्हते.

अध्यक्षांच्या प्रतीचा शीर्षभाग उघडला. पत्ते वगळून फक्त वेळा येथे उतरवते, खालून वर.

'डेट' : शुक्रवार, १ जानेवारी २०१०, ००:१९:४२, +०५३०

सर्वांत खालची 'रिसिव्ह्ड' : २२ जानेवारी, १६:४१:०७, +०५३०

मधली 'रिसिव्ह्ड' : २२ जानेवारी, ११:११:०९, +००००

सर्वांत वरची 'रिसिव्ह्ड' : २२ जानेवारी, ०३:११:१०, -०८००

'डेट' ओळ समजली. पण उरलेल्या तीन वेळा पाहून मी आणखीच गोंधळले. मेल दुपारी निघाला, सकाळी मधल्या ठिकाणी पोहोचला आणि पहाटे अध्यक्षांना मिळाला, असा याचा अर्थ होतो की काय?

संगणक_दुरुस्ती_मूर्तिजापूर :

नाही. शेवटचा आकडा नजरेआड केल्यामुळे तसे वाटते. +०५३० म्हणजे ही वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढची, अर्थात आपली भारतीय वेळ. -०८०० म्हणजे जागतिक वेळेच्या आठ तास मागची, ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची हिवाळ्यातली वेळ. १६:४१:०७ मधून साडेपाच तास वजा केले की ११:११:०७ उरतात, आणि ०३:११:१० मध्ये आठ तास मिळवले की ११:११:१० होतात. तुमच्या सर्व्हरपासून अध्यक्षांच्या पेटीपर्यंतचा सगळा प्रवास तीन सेकंदांत झालेला आहे. यादी लावताना प्रोग्राम हीच वजाबाकी आधी करून घेतो, म्हणून वेगवेगळ्या देशांतून आलेले मेलही एका क्रमात बसतात.

म्हणजे घटनाक्रम असा झाला. वीज आली, घड्याळ २०१० पासून चालू झाले. पत्रक जोडून 'पाठवा' दाबेपर्यंत संगणकाच्या लेखी वर्षारंभाची एकोणीस मिनिटे झाली होती, आणि मेलवर तीच वेळ उमटली. प्रमाणपत्राच्या अडचणीमुळे मेल आउटबॉक्समध्ये थांबला. तुम्ही घड्याळ दुरुस्त केल्यावर तो गेला, पण अंगावरची 'डेट' ओळ जुनीच घेऊन गेला.

घड्याळ हाताने दुरुस्त करताना वेळेचा पट्टाही तपासून घ्या. जुन्या संगणकांवर विंडोज नव्याने टाकताना अनेकदा तो अमेरिकेचाच राहून जातो. पट्टा -०८०० ठेवून कोणी काट्यांवर आपली दुपारची ४.४० लावली, तर भिंतीवरच्या घड्याळाशी ती जुळते, परंतु मेलवर १६:४० -०८०० असे उमटते आणि वाचणाऱ्याच्या यादीत तो मेल दुसऱ्या दिवशी सकाळी ६.१० चा ठरतो. मुदतीच्या मेलसाठी ही चूक २०१० पेक्षाही घातक आहे, कारण २०१० पाहून निदान काहीतरी बिघडले आहे हे कळते, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र अगदी खरी वाटते. पट्ट्यांच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हा पर्याय निवडलेला असावा.

विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते, पण साध्या कार्यालयीन संगणकावरील मूळ मांडणीत १५ तासांहून मोठा फरक ते आपणहून भरून काढत नाही. तेव्हा सेल बदलणे हाच उपाय. तो हातघड्याळाच्या दुकानातही मिळतो.

निवृत्त_बारनिशी (अर्जुनी मोरगाव) :

मी तांत्रिक मनुष्य नाही. एकतीस वर्षे शासकीय कार्यालयांत लिपिक होतो आणि त्यातील बरीच वर्षे आवक-जावक बारनिशीवर काढली. वरील चर्चा वाचताना मला एकसारखे वाटत राहिले की, हा सगळा वाद आमच्या टेबलावर रोजच होत असे. पत्रावर ३१ मार्च असा दिनांक आणि आमचा आवक शिक्का ६ एप्रिलचा, असे लिफाफे दरवर्षी आर्थिक वर्षाच्या अखेरीस ढिगाने यायचे. पत्राचा दिनांक पाठवणाऱ्याच्या हातात असतो, शिक्का आमच्या हातात असे, आणि मुदतीचा प्रश्न आला की शिक्काच पाहिला जाई. खरेदीदाराच्या कार्यालयाने पत्राच्या कोपऱ्यातला दिनांक वाचून फाईल लावली आणि आवक शिक्का पाहिलाच नाही, एवढाच या प्रकरणाचा अर्थ मला लागतो.

कायदाही याच दिशेने बोलतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा पाठवला आणि केव्हा मिळाला असे समजावे, याची तरतूद आहे. उभय पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल, तर अभिलेख पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणक साधनात शिरला की तो पाठवला असे धरतात. आणि ज्याला पाठवला त्याने त्यासाठी एखादे संगणक साधन नेमून दिले असेल, तर अभिलेख त्या साधनात शिरताच तो मिळाला असे धरतात. अमुक पत्त्यावर दरपत्रके पाठवा असे सूचनेत लिहिलेले आहे, तेव्हा तो पत्ता नेमून दिलेला आहे असे म्हणण्यास चांगला आधार आहे. तेथील माणसाने मेल केव्हा उघडला, किंवा त्याच्या यादीत तो कोणत्या ओळीवर दिसला, याला या तरतुदीत स्थान नाही. 'पाठवा' केव्हा दाबले यालाही नाही, हे मात्र आपणही लक्षात घ्यावे.

ताई, यावरून आपल्या पुराव्यातील एक उणीव दाखवून देणे मला भाग आहे. आपण उतरवलेली सर्वांत वरची ओळ अध्यक्षांच्या सर्व्हरची आहे. मेल त्यांना ४.४१ ला मिळाला हे तिच्यावरून सिद्ध होते, पण खरेदीदाराच्या सर्व्हरवर तो केव्हा पोहोचला हे नव्हे. दोन प्रती एकाच वेळी निघाल्या तरी त्यांचे रस्ते वेगळे असतात. एकाच दिवशी दारव्ह्याहून टाकलेली दोन पत्रे नागपूरला आणि गडचिरोलीला एकाच दिवशी मिळतील असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा खरेदीदाराकडे असलेल्या प्रतीचा पूर्ण शीर्षभाग त्यांच्याकडूनच मागून घ्यावा. मागणी लेखी करावी, भाषा सौम्य ठेवावी आणि कलम १३ चा उल्लेख एका वाक्यात करावा. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा. माझ्या मते गोष्ट तेथपर्यंत जाणार नाही.

धारणी_मेळघाट :

निवृत्त काकांनी दोन रस्त्यांचा जो मुद्दा मांडला, तो तांत्रिकदृष्ट्याही तंतोतंत खरा आहे. अनेक सर्व्हर अनोळखी ठिकाणाहून पहिल्यांदाच आलेला मेल मुद्दाम परत फिरवतात आणि थोड्या वेळाने पुन्हा या असे सांगतात. फुकट जाहिराती धाडणारे सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत, खरा सर्व्हर येतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारणपणे किमान अर्धा तास थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवसांपर्यंत ते चालू ठेवावेत, असे मेल वाहतुकीचा नियम सांगतो. म्हणजे अध्यक्षांची प्रत ४.४१ ला आणि खरेदीदाराची प्रत ५.१५ ला पोहोचणे सहज शक्य आहे. शीर्षभाग मागवला की, लागोपाठच्या दोन 'रिसिव्ह्ड' ओळींमध्ये मोठी फट आहे का ते आधी पाहा. उशीर झालेला असेल तर तो त्या फटीत दिसतो, आणि कोणत्या सर्व्हरपाशी झाला हेही तेथेच कळते.

मात्र सदैव मिळाल्याच्या वेळेवरच यादी लावावी, असा जो सूर वर दिसतो, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी येथे एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. आम्ही शाळेचा मेल एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेला, तेव्हा मी चार वर्षांचे सर्व मेल जुन्या पेटीतून नव्या पेटीत ओढून टाकले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर चार वर्षांचा सगळा पत्रव्यवहार एकाच संध्याकाळी मिळालेला! आयमॅपमध्ये मेल दुसऱ्या पेटीत घालताना प्रोग्रामने जुनी तारीख सोबत दिली तर सर्व्हरने ती जपावी असे अपेक्षित असते, पण ती दिलीच नाही तर सर्व्हर त्या क्षणाची वेळ लावतो. माझ्या प्रोग्रामने ती दिली नसावी. अशा पेटीत मिळाल्याच्या वेळेला काही अर्थच उरत नाही, आणि पाठवणाऱ्याची 'डेट' ओळ, तिच्यातील सगळ्या दोषांसह, अधिक उपयोगी पडते. ती मेलच्या अंगावरच असल्यामुळे पेटी बदलली तरी बदलत नाही.

पॉप पद्धतीत, म्हणजे सर्व्हरवरचे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीत, तर आणखी मजा आहे. १९९६ सालच्या पॉप ३ च्या नियमांत मेल पेटीत केव्हा पडला हे विचारण्याची सोयच नाही. म्हणून काही प्रोग्राम 'डेट' ओळ वापरतात, काही वरची 'रिसिव्ह्ड' ओळ वाचतात, आणि काही सरळ मेल संगणकावर उतरवल्याची वेळ लावतात. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस जोडणी नसते. मग ती आली की त्या शेवटच्या प्रकारच्या प्रोग्राममध्ये आठवड्याभराचे मेल एकाच मिनिटात आलेले दिसतात.

शोध घेतानाही हाच फरक लक्षात ठेवावा. आयमॅपमध्ये अमुक तारखेनंतरचे मेल शोधण्याचे दोन वेगळे आदेश आहेत, एक पेटीत दाखल झाल्याच्या तारखेवर चालणारा आणि दुसरा 'डेट' ओळीवर चालणारा. खरेदीदाराच्या कार्यालयात २० ते २२ जानेवारी एवढाच शोध घेतला गेला असेल आणि तो दुसऱ्या प्रकारचा असेल, तर समोर असलेला मेलही त्यांना मिळाला नसता. ते खोटे बोलत होते असे लगेच मानू नये.

डाळमिल_अकोला :

मी एका डाळ मिलमध्ये खरेदीचे मेल पाहतो, म्हणून पलीकडच्या टेबलाची बाजू मांडतो. हंगामात दिवसाला दीडशे-दोनशे मेल येतात आणि आम्ही खरोखरच फक्त वरचे दोन-तीन पडदे पाहतो. शिवाय बहुतेकांनी मेल संभाषणानुसार गटात लावून ठेवलेले असतात. पूर्ण गट त्यातील सर्वांत नव्या मेलच्या तारखेने वर-खाली होतो, पण गटाच्या आतला क्रम पुन्हा तारखेवरच असतो. त्यामुळे चुकीच्या जुन्या तारखेचा मेल गटाच्या पोटात, पहिल्या पत्राच्याही वर जाऊन बसतो. मेल पाठवल्यावर पाच वाजायच्या आत एक फोन करून मिळाला का, एवढे विचारून घेणे आम्हालाही बरे पडते.

संगणक_दुरुस्ती_मूर्तिजापूर :

धारणीच्या सरांचे म्हणणे मान्य आहे. माझे उत्तर रोजच्या इनबॉक्सपुरते होते, जुनी पेटी हलवल्यानंतरचे नव्हे.

एक गोष्ट जोडतो. शीर्षभाग मिळाल्यावर सगळ्याच 'रिसिव्ह्ड' ओळींवर सारखा विश्वास ठेवू नका. वाटेतल्या सर्व्हरने आधीच्या ओळींना हात लावू नये असा नियम आहे, पण पाठवणाऱ्याला खालच्या ओळी बनावट रचूनही मेल सोडता येतो. खात्रीची असते ती स्वीकारणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरने चढवलेली वरची ओळ. तुमच्या बाबतीत तीच ओळ खरेदीदाराच्या सर्व्हरची असणार, म्हणून तिच्यात फेरफार केल्याचा आरोप तुमच्यावर येऊच शकत नाही. मेलवर डिकिम सही (पाठवणाऱ्या सर्व्हरने घातलेली डिजिटल सही) असेल, तर तिच्यात 't' या अक्षरापुढे सही केल्याचा क्षण १९७० पासूनच्या सेकंदांत बहुधा दिलेला असतो. तो तुमच्या संगणकाच्या नव्हे, तर तुमची मेल सेवा देणाऱ्यांच्या सर्व्हरच्या घड्याळाचा असतो.

तूर_आणि_तारीख :

सर्वांचे आभार. निवृत्त काकांनी सुचवल्याप्रमाणे अध्यक्षांच्या सहीने लेखी विनंती पाठवली. नऊ दिवसांनी खरेदीदाराच्या कार्यालयाने शीर्षभाग पाठवला. त्यांच्या सर्व्हरची सर्वांत वरची ओळ २२ जानेवारी, १६:४१:१२, +०५३० अशी आहे, आणि कोणत्याही दोन ओळींमध्ये फट नाही. दरपत्रक मुदतीत मिळाले होते हे त्यांनी आता लेखी मान्य केले आहे. या हंगामाची तूर तोपर्यंत दुसऱ्याकडून घेऊन झाली होती, त्यामुळे त्याचा उपयोग पुढच्या वेळीच होईल.

सेल बदलला. जुना काढला तेव्हा त्याच्यावर चाळणीची बारीक धूळ चिकटलेली होती. वेळेचा पट्टा आधीपासून बरोबरच होता. आता वीज आल्यावर संगणक सुरू केला की, आधी कोपऱ्यातली तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहायची आणि मगच मेल उघडायचा, असा कागद मी पडद्याच्या कडेला चिकटवला आहे.

आमच्या इनबॉक्सची यादी मिळाल्याच्या वेळेवर लावली, तेव्हा २०३७ सालची ती जाहिरात खाली घसरत गेली आणि मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये, खताचे एक बिल आणि संचालक मंडळाच्या सभेची सूचना यांच्या मधोमध जाऊन थांबली.